एकोणपन्नास डॉलरची ओळ

वेंडेल मोज्यांवर दुसरे मोजे चढवत होता, तेव्हा फोन वाजला.

"प्रुइट तपाससेवा," तो म्हणाला. चार वर्षं तो हेच म्हणत होता, तरी दर वेळी आपण दुसऱ्या कुणाची नक्कल करतोय असं त्याला वाटायचं. त्याआधी एकतीस वर्षं त्याने शाळेची बस चालवली होती.

पलीकडून आधी बाळाचं रडणं आलं, मग कुजबुज.

"मिस ओडेसा आहेत का? मी जेरिलिन मेब्री. तुमच्या शेजारच्या टटल टॅक्समध्ये लोकांचे रिटर्न भरते. बाथरूममधून बोलतेय. मला इथून जाऊ देत नाहीयेत."

वेंडेलने फोन ओडेसापुढे धरला. ती त्याची वहिनी. भाऊ गेला, त्यानंतर तिने बँकेतली बावीस वर्षांची नोकरी सोडून हे ऑफिस उघडलं आणि दिराला म्हणाली, गाडी तू चालव, विचार मी करते. वाटणी अजून तशीच होती.

"कोण जाऊ देत नाही?" ओडेसाने विचारलं.

"मिस्टर हार्लन. शेरीफचा माणूस येईपर्यंत बस म्हणतात. दाराबाहेर गेलीस तर पळालीस असं समजू. एकसष्ट लोकांच्या रिफंडमधून जादा फी कापली गेलीय, आणि सगळ्या रिटर्नवर माझं नाव आहे." ती थांबली. "सोमवारी कोर्टात तारीख आहे. माझी सासू माझ्या पोसीचा ताबा मागतेय. आज माझ्यावर गुन्हा नोंदला गेला, तर सोमवारी जज्ज दुसरं काही वाचणारच नाही."

"पोसी किती महिन्यांची?"

"सात."

"काही सही केलीस?"

"नाही."

"मग करू नकोस. आलोच."

आदल्या दिवशी दुपारपासून पडलेला पाऊस तारांवर, झाडांवर, रस्त्यावर जिथल्या तिथे गोठला होता. कॉटर्स बेंड गाव काचेखाली ठेवल्यासारखं दिसत होतं. लाँड्रीवरच्या ऑफिसच्या जिन्यावरून उतरून शेजारच्या दारात जायला दोघांना दहा मिनिटं लागली. आर्कान्सामधल्या लोकांना बर्फात चालता येत नाही आणि ते तसं कबूलही करत नाहीत. वेंडेल दोनदा घसरून बसला.

दार आतून ओढून उघडलं ते स्वातंत्र्यदेवीने. म्हणजे हिरवा झगा आणि फोमचा मुकुट घातलेल्या टॉल्बर्ट गेन्सने. सीझनभर दुकानाच्या जाहिरातीसाठी पुढच्या चौकात उभं राहून हात हलवायचे त्याला ताशी नऊ डॉलर मिळायचे.

"या, या," टॉल्बर्ट म्हणाला. "आत यायला मनाई नाही. मनाई फक्त बाहेर जायला आहे."

"तू आज कुणाला हात हलवत होतास रे?" वेंडेलने विचारलं.

"सकाळी बस इथवर आली आणि परत गेलीच नाही. मीही अडकलोय. पण माझ्यावर आरोप नाही, तेवढं बरं."

आत तीन टेबलं, एक हीटर, भिंतीला लोखंडी कपाट. कोपऱ्यातल्या खुर्चीत जेरिलिन बसली होती. वय तेवीस-चोवीस, केस घाईत बांधलेले, मांडीवर पोसी. पाळणाघर बर्फामुळे बंद, म्हणून लेक बरोबर आणलेली. खरं तर जेरिलिनला कुणी बांधलेलं नव्हतं, दार तिच्यापासून चार पावलांवर होतं, आणि ती त्या दाराकडे बघतही नव्हती. वेंडेलला ते फार लागलं. त्याने काही न विचारता हात पुढे केले. पोसीने त्याच्या मफलरचं टोक तोंडात घातलं आणि रडणं थांबवलं.

दुकानाचा मालक हार्लन टटल उठून उभा राहिला. उंच, वाकलेला, डोळे झोप नसल्यासारखे. "मिस ओडेसा, तुमचा मान आहे. पण हे प्रकरण उघड आहे. बर्फावर वाळू टाकणारी गाडी पुलापर्यंत आलीय. रस्ता झाला की डेप्युटी येतोच."

"मग तेवढ्या वेळात मला उघड करून सांगा," ओडेसा म्हणाली आणि कोट न काढता बसली. "एकशेऐंशी डॉलर फी तुमची. ती कशी कशी जाते?"

"रिटर्न बनवायचे एकशेऐंशी. रोख दिले तर तेवढेच. पण आमच्या गिऱ्हाइकाकडे फेब्रुवारीत रोख कुठून असणार? ते म्हणतात, रिफंडमधून कापा. मग रिफंड आधी एका बँकेत येतो. बँक स्वतःचे चाळीस ठेवते, आमचे आम्हाला पाठवते, उरलेले गिऱ्हाइकाला."

"आणि इंटरनेटवरून रिटर्न पाठवायचे सरकार किती घेतं?"

"काहीच नाही."

"काहीच नाही?" टॉल्बर्ट मुकुट काढत म्हणाला. "मी इतकी वर्षं समजत होतो की सगळं सरकारच खातं."

"सगळ्यांनाच तसं वाटतं," ओडेसा म्हणाली. "एकच आकडा कापलेला दिसतो. त्यात हात किती जणांचे, ते कुणी बघत नाही. मिस्टर हार्लन, जादा काय कापलं गेलं?"

"एकोणपन्नास डॉलर. 'रक्षण योजना.' उद्या सरकारने प्रश्न विचारले तर आम्ही उत्तरं देऊ, अशी. घ्यायची की नाही ही गिऱ्हाइकाची मर्जी. या एकसष्ट जणांनी घेतलीच नव्हती. कपाटात त्यांच्या सह्यांचे फीचे कागद आहेत, सगळ्यांवर एकशेऐंशीच. पण कॉम्प्युटरमध्ये योजनेच्या चौकटीत खूण केलेली, आणि रिटर्न बनवणारी म्हणून हिचं नाव. म्हणजे सही झाल्यावर खूण केली."

"हे एकोणपन्नास गेले कुणाकडे?"

हार्लनने मान खाली घातली. "दुकानाच्या खात्यात. मी एकेकाला परत करणार आहे. पण योजना खपवणाऱ्याला मी दर योजनेमागे दहा डॉलर बोनस देतो. महिनाअखेरीस हिला सहाशेदहा दिले."

"मला वाटलं, कामाचे दिले," जेरिलिन हळूच म्हणाली. "मिस वेल्मांनी चेक हातात ठेवला, म्हणाल्या, कष्टाचं फळ आहे पोरी. मी हीटर घेतला. घरात पोसी रात्रभर खोकायची."

पोसीने वेंडेलच्या खांद्यावर शिंक दिली.

"काम किती ते किती तुझं?" ओडेसाने विचारलं.

"आठ ते तीन. सोमवार ते शुक्रवार. साडेतीनला पाळणाघर बंद होतं. नंतर मिनिटाला एक डॉलर दंड. माझा आजवर एकदाही झाला नाही, तिथल्या वहीत माझी रोजची सही आणि वेळ आहे."

"म्हणून काय झालं?" हार्लन म्हणाला. "दिवसभरचे रिटर्न साचवून संध्याकाळी सहाला मी एकदम पाठवतो. जायच्या आधी ही खूण करू शकत होती."

"घरून?"

"घरून उघडत नाही. या तीन मशीनवरच."

"आणि हिने बनवलेलं रिटर्न दुसऱ्या कुणी उघडलं, तर?"

"उघडता येतं. रोज उघडतोच. दुसरी नजर टाकल्याशिवाय आम्ही पाठवत नाही. पण नाव ज्याने बनवलं त्याचंच राहतं."

मागच्या खोलीतून एक गोल चेहऱ्याच्या साठीच्या बाई काचेचं भांडं घेऊन आल्या. वेल्मा डॉकरी, दुकानातल्या सर्वांत जुन्या. हार्लनच्याही आधीपासूनच्या.

"खाऊन घ्या सगळे," त्या म्हणाल्या. "उपाशीपोटी कुणाचं डोकं चालत नाही. कोंबडी आणि भात, चीज घालून भाजलंय. काल चर्चच्या जेवणासाठी ऐंशी माणसांचं केलं. दर बुधवारचं जेवण माझ्याकडे असतं, दोनलाच इथून निघावं लागतं. आणि काल बर्फामुळे आली माणसं अकरा."

"म्हणून गुरुवारी आम्ही रांगेत," टॉल्बर्टने ताट पुढे केलं. "देवाचं उरलेलं."

"तू गप्प बस. मुकुट बाजूला ठेव, त्यात भात सांडेल." वेल्माबाईंनी एक ताट जेरिलिनपुढे ठेवलं आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "खा पोरी. दूध आटेल."

ओडेसाने काटा उचलला. "मिस वेल्मा, दुसरी नजर कोण टाकतं?"

"मीच. एकोणीस वर्षं मीच. आकडे तपासते, गिऱ्हाइकाची प्रत छापते, पाकिटात घालते. दुसऱ्या दिवशी ते येऊन पाकीट नेतात."

"तुम्हाला ही खूण दिसली नाही?"

"दिसली की. पण योजना घेतली असेल असंच वाटणार ना? सहीचा कागद आधीच कपाटात गेलेला." त्यांनी सुस्कारा टाकला. "माझीच चूक. मी हिच्यावर विश्वास टाकला."

जेरिलिनने काटा खाली ठेवला.

वेंडेलला वाटलं, बाई खरं बोलतायत. बोलण्यात मायाही होती. त्याचा संशय हार्लनवर होता. एकोणपन्नासातले एकोणचाळीस ज्याच्या खात्यात गेले, चोर तोच, यात विचार करण्यासारखं काय होतं?

"वहिनी," तो कानाशी वाकून म्हणाला, "मालकच."

"बाळाला ढेकर काढ," ओडेसा म्हणाली. "मिस्टर हार्लन, ही गोष्ट बाहेर आली तेव्हा काय झालं?"

हार्लन कडवट हसला. "काय व्हायचं? मी दुकान विकतोय. लिटल रॉकचा एक माणूस नव्वद हजार द्यायला तयार होता. सोमवारी तो इथे बसला होता आणि फोन थांबेना. एकामागून एक शिव्या. तो टोपी घालून गेला. शेवटी बिचारी वेल्मा म्हणाली, हे ओझं मीच घेते, चाळीस हजारांत. मी तिचे उपकार मानले. दुसरं कोण घेणार होतं?"

"पोरांवाल्यांचे रिफंड सरकार फेब्रुवारीच्या मध्यानंतरच सोडतं," ओडेसा म्हणाली. "म्हणजे महिनाभर कुणाला काही कळलं नाही, आणि मग सगळ्यांना एकाच आठवड्यात कळलं."

"एकाच जेवणाच्या टेबलावर," टॉल्बर्ट तोंडात घास ठेवून म्हणाला.

"म्हणजे?"

"मी दिवसा इथे देवी आणि चारनंतर कोंबडीच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला. एकसष्टच्या एकसष्ट आमच्या पाळीचे. मला दोन हजार नऊशेवीस यायला हवे होते, आले दोन हजार आठशेएकाहत्तर. मी म्हटलं, असेल काही सरकारी. पण माझी बहीण समोर बसलेली, तिचे पूर्ण आले. तीही इथूनच भरते, याच पोरीकडून. मग काय, सगळ्यांनी फोन काढून आकडे ताडून पाहिले."

"तुझी बहीण कधी आली होती?"

"बुधवारी. बुधवारी आमची पाळी बंद असते, त्या दिवशी इथे रांग लागते. मी गुरुवारी सकाळी भरलं. देवीला रांगेत कोण घेणार?"

"पाकीट आहे तुझं?"

टॉल्बर्टने झग्याखालच्या शर्टातून चुरगळलेलं पाकीट काढलं. "तीन दिवस छातीशी घेऊन फिरतोय. शंभर वेळा वाचलं. कळलं काही नाही."

ओडेसाने फीचा कागद काढला, वरपासून खालपर्यंत वाचला आणि घडी न घालता टेबलावर ठेवला. मग तिने हार्लनकडून एकसष्ट जणांची यादी मागून घेतली.

"वेंडेल, तारखा वार लावून वाच."

वेंडेलने यादी एका हाताने धरली. पोसी तिचा कोपरा ओढत होती. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत, बोटावर मोजत त्याने ते काम बराच वेळ केलं. "सोमवारचे सतरा. मंगळवारचे बारा. गुरुवारचे एकोणीस. शुक्रवारचे तेरा. झाले एकसष्ट."

बाहेर कुठेतरी फांदी मोडल्याचा आवाज झाला. मग दूरवर वाळूच्या गाडीची घरघर.

"आली," हार्लन म्हणाला.

"अजून दोन चौक आहेत," ओडेसा म्हणाली. "पुरेत. सगळे बसा. वेंडेल, तू उभाच राहा, ती झोपतेय."

ती खुर्चीत पुढे सरकली.

"हा टॉल्बर्टचा कागद. सही त्याने सकाळी ज्यावर केली तो कपाटात आहे, त्यावर एकशेऐंशी. पाकिटातल्या या प्रतीवर मात्र दोनशेएकोणतीस, आणि तळाला छापल्याची वेळ, दुपारी चार चाळीस. म्हणजे पाकीट चार चाळीसला भरलं गेलं. जेरिलिन तेव्हा दीड तास आधीच गेलेली."

"पण खूण तिने जायच्या आधी—" हार्लनने सुरुवात केली.

"थांबा. तिच्याबद्दलच बोलू. चोरायचं असेल तर माणूस लपवतो. ट्रकवाला, नर्स, म्हातारी, असे एकमेकांना न ओळखणारे निवडतो. इथे उलटं आहे. एकसष्ट माणसं एकाच पाळीची, एकाच टेबलावर जेवणारी. आणि ती ओळ प्रत्येकाच्या पाकिटात ठळक छापून दिलेली. हे लपवण्यासाठी केलेलं नाही. सापडावं म्हणूनच केलंय. जेरिलिन सापडली तर तिची लेक जाते. ती का सापडेल?"

वेंडेल थबकला. मालकाबद्दलची त्याची खात्री डगमगली, पण पूर्ण पडली नाही. "आणि मालक?" त्याने विचारलं.

"मालकाला एकसष्ट वेळा एकोणचाळीस मिळाले, आणि गेले पन्नास हजार. शिवाय दुसरी गोष्ट. दुसऱ्या पाळीची माणसं सगळ्यात जास्त बुधवारी येतात. यादीत बुधवार एकही नाही. जेरिलिन बुधवारी इथेच असते, रांग तिच्याच टेबलापुढे. तिला करायचं असतं तर बुधवारसारखा दिवस नव्हता. मिस्टर हार्लन, बुधवारी दुसरी नजर कोण टाकतं?"

"मी," हार्लन सावकाश म्हणाला. "तपासणी तीननंतरच होते, आणि बुधवारी तेव्हा मी एकटाच असतो."

"म्हणजे तुम्हालाही बुधवारच सोयीचा. रिकामं दुकान, सगळी पाकिटं तुमच्या हातात. पण नेमके बुधवारचेच रिटर्न स्वच्छ राहिले. कारण बुधवारी ज्याला ते उघडता आले नाहीत, असं माणूस इथे एकच आहे. ते दोन वाजता ऐंशी माणसांचा स्वयंपाक करायला जातं."

वेल्माबाई भांड्यातला भात चमच्याने कडेला सारत होत्या. चमचा थांबला.

"मला त्यातला एक सेंट मिळालेला नाही," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे. फी कुठे जाते याच्या मागे लागलं, की तुम्ही सुटता. एकोणचाळीस मालकाकडे, दहा पोरीकडे, तुमच्याकडे शून्य. इतक्या वर्षांत हे गणित तुमच्याइतकं कुणाला पाठ असणार? तुम्हाला फी नको होती. तुम्हाला शिव्यांचे फोन हवे होते, त्या सोमवारी, तो लिटल रॉकचा माणूस इथे बसलेला असताना. नव्वदचं दुकान चाळीसला यावं म्हणून."

हार्लन वेल्माबाईंकडे वळला.

"दुकान विकलंस तर मलाच देशील असा तू शब्द दिला होतास, हार्लन," वेल्माबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "तुझ्या वडिलांनीही दिला होता. त्या मागच्या टेबलावर बसून मी तीन छपरं गळताना पाहिली. तुम्हा दोघांना फीचा कागद भरायला मी शिकवलं. आणि तू एका अनोळखी माणसाला चाव्या दाखवत होतास. माझ्याकडे चाळीस हजार होते. तेवढेच होते. मी कुठे जाणार होते या वयात? घरी जाऊन भिंती मोजत बसू?"

"मला म्हणायचं होतंस," हार्लन पुटपुटला.

"दोनदा म्हटलं. तू हसलास."

जेरिलिन उठली. बाथरूमला गेली तेवढं सोडलं, तर सकाळपासून पहिल्यांदा ती त्या खुर्चीतून उठली होती.

"आणि मी?" तिने विचारलं. "सोमवारच्या तारखेचं तुम्हाला माहीत होतं, मिस वेल्मा. कोर्टासाठी माझ्या चांगल्या वागणुकीचं पत्र तुम्हीच लिहून दिलंत."

"मला वाटलं, तुला फक्त कामावरून काढतील. तू तरुण आहेस. दुसरं मिळालं असतं." वेल्माबाईंनी पहिल्यांदा नजर खाली घेतली. "शेरीफला बोलावेल असं नव्हतं वाटलं."

"पण आज सकाळी बोलावलं," जेरिलिन म्हणाली. "तेव्हाही तुम्ही गप्प राहिलात. आणि वर मला जेवायला वाढलंत."

टॉल्बर्टने आपलं ताट हळूच टेबलावर ठेवलं. ते अर्धं भरलेलं होतं.

वेंडेल बाळाला थोपटत उभा होता. गुन्हेगार सापडला की छान वाटतं, असं त्याला नेहमी वाटायचं. आज वाटलं नाही. एवढीशी खोली आणि तीत किती माणसं किती वर्षं कोंडलेली, एवढंच त्याच्या मनात आलं.

डेप्युटी आला तेव्हा तीन वाजत आले होते. तरुण, गालफडं थंडीने लाल, बुटांना वाळू. त्याने उभ्याउभ्या ओडेसाचं ऐकलं, टॉल्बर्टच्या कागदाचा फोटो घेतला, हार्लनला दोनदा विचारलं आणि वेल्माबाईंना कोट घालायला सांगितला. त्यांनी आधी भांडं झाकलं, मग कोट घातला.

"मॅडम, तुमचा एक जबाब," डेप्युटी जेरिलिनला म्हणाला. हातातल्या फळीवरच्या फॉर्मवर त्याने तिने सांगितलेल्या चार ओळी लिहून घेतल्या आणि पेन पुढे केलं. "खाली सही करा. एवढंच. मग तुम्ही मोकळ्या."

जेरिलिनने पेन घेतलं, पण फळीही घेतली. ती खिडकीपाशी उजेडात गेली आणि वरून वाचायला लागली.

"नेहमीचाच कागद आहे, मॅडम."

ती वाचत राहिली. डेप्युटीने घड्याळ पाहिलं. हार्लन काही बोलायला गेला, पण ओडेसाने त्याच्याकडे नुसतं बघितलं.

"हे काय आहे?" जेरिलिनने बोट ठेवलं.

डेप्युटी वाकला. वरच्या चौकटी सकाळी फोनवरची तक्रार ऐकूनच भरलेल्या होत्या. 'संशयित' या शब्दापुढे टाइप केलेलं होतं: जेरिलिन मेब्री.

"अरे हो. ते सकाळचं." त्याने खिशातून दुसरं पेन काढलं. "खोडून वर लिहितो."

"खोडलेलं नको," जेरिलिन म्हणाली. फळी तिने सोडली नाही. "जज्जपुढे खोडलेलंही वाचता येतं. कोरा कागद आणा."

"कोरे गाडीत आहेत, मॅडम. आणि गाडी चौकात. बर्फ बघताय ना?"

"बघतेय."

डेप्युटीने ओडेसाकडे पाहिलं, वेंडेलकडे पाहिलं. कुणी त्याच्या मदतीला आलं नाही. त्याने टोपी चढवली, दार ओढलं आणि कठड्याला धरून, एकेक पाऊल चाचपत तो चौकाकडे निघाला.

जेरिलिनने वेंडेलकडून पोसीला घेतलं. मग दार थोडं उघडंच ठेवून ती उंबऱ्यात उभी राहिली आणि त्याची वाट पाहू लागली. तिला घाई नव्हती.